डीओटी ड्रग टेस्टचं बोलावणं आलं की काय करायचं

न्यू जर्सीतल्या एका खासगी बस कंपनीच्या सेफ्टी ऑफिसात मी काम करते. कंपनीची डीईआर मीच आहे. ड्रग आणि अल्कोहोल टेस्टचे निकाल ज्या माणसाकडे अधिकृतपणे येतात, आणि निकाल वाईट आला तर ड्रायव्हरला तिथल्या तिथे गाडीवरून उतरवायचं काम ज्याच्याकडे असतं, त्याला डीईआर म्हणतात. त्यामुळे ओळखीतले, ओळखीच्यांच्या ओळखीतले मराठी लोक मला फोन करतात. कुणी ट्रक चालवतो, कुणी विमानतळावर मेकॅनिक आहे, कुणी स्कूल बसवर आहे, कुणाची मुलगी नुकतीच फेडरल नोकरीत लागली आहे. प्रश्न एकच असतो, "ताई, टेस्टला बोलावलंय, आता काय करू?"

या खुर्चीत बसून मी लोकांच्या नोकऱ्या जाताना पाहिल्या आहेत. त्यातले सगळे नशा करणारे नव्हते, हे मला मनापासून सांगायचं आहे. कुणी क्लिनिकमधून कंटाळून निघून गेला. कुणी अनोळखी नंबर म्हणून निकाल पडताळणाऱ्या डॉक्टरांचा फोन उचलला नाही. कुणी "शिफ्ट संपवून जातो" म्हणाला. अमेरिकेच्या या नियमांत टेस्ट टाळणं आणि टेस्टमध्ये सापडणं यांचा परिणाम सारखाच असतो. म्हणून नशा न करणाऱ्या माणसानेही हे नियम नीट समजून घ्यायला हवेत.

आधी तुम्ही यात येता का ते बघा

डीओटी म्हणजे अमेरिकेचं वाहतूक खातं. त्याच्या हाताखाली वेगवेगळी प्रशासनं आहेत. ट्रक-बसचं एफएमसीएसए, विमानांचं एफएए, रेल्वेचं एफआरए, शहरातल्या बस-सबवेचं एफटीए आणि गॅस-तेलाच्या पाइपलाइनचं पीएचएमएसए. प्रत्येकाचा नियम वेगळा, पण नमुना कसा घ्यायचा, कसा तपासायचा, निकाल कसा कळवायचा ही पद्धत सगळ्यांना एकच. ती '49 सीएफआर पार्ट 40' या फेडरल नियमात लिहिलेली आहे. हा आकडा लक्षात ठेवा, कारण क्लिनिकमध्ये वाद झाला तर "पार्ट 40 प्रमाणे करा" एवढं म्हटलं तरी समोरचा माणूस सावध होतो.

ट्रक-बसच्या बाबतीत ज्या गाडीला सीडीएल, म्हणजे व्यावसायिक गाडी चालवायचा परवाना, लागतं, त्या गाडीचा ड्रायव्हर यात येतो. म्हणजे 26,001 पाउंड किंवा त्याहून जड गाडी, ड्रायव्हर धरून 16 किंवा जास्त माणसं बसतील अशी बस, किंवा धोकादायक मालाची पाटी लावावी लागते अशी कुठलीही गाडी. आठवड्यातून एकच दिवस चालवता की रोज, याने फरक पडत नाही. शनिवार-रविवारी सहलीची बस काढणारे बरेच जण "मी तर पार्टटाइम" म्हणून निर्धास्त असतात. तेही यात आहेत. उबर, टॅक्सी यात नाहीत. शहराच्या बससेवेत ड्रायव्हरबरोबर बस दुरुस्त करणारे मेकॅनिक आणि गाड्या सोडणारे डिस्पॅचरही येतात. विमान कंपनीत पायलट, केबिन क्रू, फ्लाइट डिस्पॅचर आणि देखभाल करणारे मेकॅनिक येतात.

फेडरल कर्मचाऱ्यांची गोष्ट वेगळी आहे. राष्ट्राध्यक्ष रेगन यांनी 15 सप्टेंबर 1986 रोजी 12564 क्रमांकाचा आदेश काढला, तिथून हे सुरू झालं. पण त्याचा अर्थ प्रत्येक सरकारी कारकुनाची अचानक टेस्ट होते असा नाही. प्रत्येक खातं आपल्याकडच्या ठरावीक जागा टेस्टसाठी नेमून ठेवतं. शस्त्र बाळगणारे, गोपनीय कागदपत्रं हाताळणारे, लोकांच्या जिवाची जबाबदारी असलेले, अशा त्या जागा. तुमची जागा त्यात आहे की नाही हे नेमणुकीच्या कागदात लिहिलेलं असतं. नसेल तर एचआरला लेखी विचारा. त्या आदेशातली एक सोय फार कमी जणांना ठाऊक आहे. पकडलं जाण्याआधी कर्मचाऱ्याने स्वतःहून सांगितलं, समुपदेशन घेतलं आणि पुढे नशा केली नाही, तर खातं शिस्तभंगाची कारवाई न करण्याची मुभा घेऊ शकतं.

"खासगी आयुष्यात हे कसं काय डोकावतात?" असं मला विचारतात. प्रश्न रास्त आहे आणि तो सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला होता. 21 मार्च 1989 रोजी न्यायालयाने रेल्वे कर्मचाऱ्यांच्या आणि कस्टम्स कर्मचाऱ्यांच्या अशा दोन खटल्यांत एकाच दिवशी निकाल दिले आणि सुरक्षेच्या कामांसाठी अशी टेस्ट मान्य केली. त्यामागे खरी माणसं मेलेली होती. 4 जानेवारी 1987 ला मेरीलँडमधल्या चेस इथे ॲमट्रॅकची प्रवासी गाडी कॉनरेल या मालवाहतूक रेल्वे कंपनीच्या इंजिनांवर आदळली आणि 16 जण गेले. कॉनरेलच्या इंजिनावरच्या दोघांनी गांजा ओढला होता. 28 ऑगस्ट 1991 ला न्यूयॉर्कच्या युनियन स्क्वेअरजवळ सबवे रुळावरून घसरली, पाच प्रवासी दगावले, मोटरमन दारू प्यायलेला होता. त्याच वर्षी अमेरिकेच्या संसदेने वाहतूक कर्मचाऱ्यांच्या टेस्टचा कायदा केला. मी रोज सकाळी बसमध्ये चढणारी माणसं बघते, म्हणून हा नियम मला जाचक वाटत नाही. पण तो नीट पाळला जावा, आणि तुमच्यावर अन्याय होऊ नये, याचीही मला तितकीच काळजी आहे.

टेस्ट कधी होते

नोकरीवर घेण्याआधी, रँडम, अपघातानंतर, संशय आल्यावर, आणि एकदा नियम मोडल्यावर परत कामावर येताना व त्यानंतर. एवढेच प्रसंग.

रँडम म्हणजे खरोखर रँडम. ट्रक-बसच्या क्षेत्रात वर्षभरात एकूण ड्रायव्हरांच्या निम्म्या संख्येइतक्या ड्रग टेस्ट आणि 10 टक्के अल्कोहोल टेस्ट कराव्या लागतात. नावं संगणक काढतो. एकाच माणसाचं नाव वर्षात दोनदा-तीनदा निघू शकतं आणि दुसऱ्याचं अजिबात निघत नाही. "माझ्यावर डूख धरलाय" असं वाटतं, पण नावांची यादी माझ्याकडे येते तेव्हा मलाही त्यात फेरफार करता येत नाही. तुम्हाला आधी सांगायची मला परवानगी नाही, आणि मी सांगितलं की तुम्ही लगेच निघायचं. लगेच म्हणजे हातातलं सुरक्षित टप्प्यावर आणून तडक क्लिनिकला. वाटेत घरी जाणं नाही, मुलाला शाळेतून आणणं नाही. काही खरीच अडचण असेल तर मला त्याच क्षणी सांगा, मनाने काही ठरवू नका.

अपघातानंतरचा नियम ड्रायव्हरने पाठ करावा असा आहे. एफएमसीएसएच्या नियमाप्रमाणे कुणी दगावलं तर टेस्ट होतेच, चूक कुणाचीही असो. कुणाला जखम होऊन दवाखान्यात न्यावं लागलं, किंवा एखादी गाडी टो करावी लागली, तर तुम्हाला पोलिसांनी त्या अपघाताबद्दल वाहतूक नियमभंगाचं तिकीट दिलं असेल तेव्हाच टेस्ट होते. अल्कोहोलची टेस्ट दोन तासांत व्हायला हवी, फार तर आठ तासांपर्यंत. ड्रगची 32 तासांच्या आत. आधी जखमींना मदत, पोलिसांशी बोलणं, स्वतःवर उपचार. ते टेस्टसाठी थांबवायचं नाही. पण फोन चालू ठेवा, आणि टेस्ट होईपर्यंत किंवा आठ तास उलटेपर्यंत दारूचा थेंब घेऊ नका. अंगाला कापरं भरलंय म्हणून घरी आल्यावर कुणी आग्रह केला तरी नाही म्हणा.

संशयावरून टेस्ट करायची तर सुपरवायझरचं प्रशिक्षण झालेलं असावं लागतं. एक तास दारूबद्दल, एक तास ड्रगबद्दल. त्याने तुमच्या वागण्यात, बोलण्यात, वासात नेमकं काय पाहिलं ते त्याला सांगता आलं पाहिजे. "मला कुणीतरी सांगितलं" एवढ्यावर टेस्ट होत नाही.

क्लिनिकमध्ये

फोटो असलेलं ओळखपत्र न्या. फोनमधला फोटो चालत नाही. आत गेल्यावर नमुना घेणारी व्यक्ती, तिला कलेक्टर म्हणतात, जाकीट-टोपी काढायला आणि खिसे रिकामे करायला सांगेल. पाकीट तुमच्याजवळ राहू शकतं. मग हात धुवायला लावतील. टॉयलेटमधलं पाणी निळं केलेलं असतं, नळ बंद किंवा टेप लावलेला असतो. हे बघून आपल्यावर चोर म्हणून संशय घेतलाय असं वाटतं. तसं नसतं, सगळ्यांसाठी हेच असतं.

सीलबंद किट तुमच्यासमोर फोडलं गेलं पाहिजे. कपमध्ये निदान 45 मिलिलिटर लघवी लागते. बाहेर आल्यावर कलेक्टर कपावरची तापमानाची पट्टी चार मिनिटांच्या आत बघते. 90 ते 100 अंश फॅरनहाइटच्या मध्ये आकडा दिसला पाहिजे. मग ती तुमच्या डोळ्यांसमोर नमुना दोन बाटल्यांत ओतते, एकीत 30, दुसरीत 15 मिलिलिटर. दोन्ही बाटल्यांवर सील लावते, तारीख घालते आणि त्या सीलवर तुमची आद्याक्षरं घेते. इथे थांबा. घाई असली तरी थांबा. सीलवरचा नमुना क्रमांक आणि फॉर्मवरचा क्रमांक एकच आहे का ते आकडा-आकडा जुळवून बघा. सील बाटलीवर लावल्यावरच सही करा, आधी नाही. बाटल्या सील होईपर्यंत नजर हटवू नका. ही दोन मिनिटं तुमच्या हक्काची आहेत आणि नंतर काही झालं तर त्यांचाच आधार असतो.

फॉर्मच्या वर तो फेडरल फॉर्म आहे का आणि कुठल्या प्रशासनासाठी टेस्ट आहे यावर खूण आहे का, तेही पहा. कंपनीची स्वतःची टेस्ट वेगळी असते, तिचा फॉर्म वेगळा असतो. दोन्ही एकाच दिवशी असल्या तर डीओटीची आधी पूर्ण होते.

फॉर्मची पाचवी प्रत तुमची. त्या प्रतीच्या मागे, आणि फक्त त्याच प्रतीच्या मागे, तुम्ही घेत असलेली औषधं लिहून ठेवा. ती यादी कलेक्टरला द्यायची नाही, मलाही नाही. पुढे डॉक्टरांचा फोन आला तर तुम्हाला आठवावं यासाठी ती आहे. कलेक्टरने "काय काय गोळ्या घेता?" असं विचारायचंच नसतं. तसंच डीओटी टेस्टसाठी "काही झालं तर आम्ही जबाबदार नाही" अशा संमतिपत्रावर सही मागायची परवानगी कुठल्याच कंपनीला नाही. कुणी पुढे केलं तर नम्रपणे नाकारा.

लघवी होत नसेल तर

ही सगळ्यात जास्त गोंधळाची जागा. आपल्याकडच्या अनेकांना, विशेषतः वयस्क माणसांना आणि बायकांना, दाराबाहेर कुणी उभं असताना होत नाही. घाबरू नका. नियमात त्याची सोय आहे. पहिल्या प्रयत्नात पुरेशी झाली नाही तर तिथून तीन तास मिळतात आणि त्या वेळात 40 औंसांपर्यंत, म्हणजे साधारण सव्वा लिटर पाणी थोडं थोडं प्यायला मिळतं. पाणी प्यायलाच हवं असंही नाही. पण क्लिनिक सोडायचं नाही.

आमच्याकडचा एक मराठी मुलगा, सालस, कष्टाळू, कधी सिगारेटही न ओढणारा, दोन तास बसून वैतागला. रिसेप्शनवरची बाई काहीतरी तुटकपणे बोलली. तो म्हणाला, "उद्या येतो," आणि निघाला. कलेक्टरने फॉर्मवर लिहिलं, निघून गेला. नियमाच्या भाषेत हा नकार झाला. एक तास आणखी बसला असता, आणि तरीही झाली नसती, तर त्याला पाच कामाच्या दिवसांत डॉक्टरांकडून तपासून घेता आलं असतं आणि वैद्यकीय कारण निघालं असतं तर टेस्ट रद्द झाली असती. त्याच्या आईचा मला भारतातून फोन आला तेव्हा मला काय बोलावं ते सुचलं नाही. म्हणून सांगते, समोरचा कितीही उद्धट वागला तरी खुर्ची सोडू नका. तक्रार नंतर करता येते. तिथून मला फोन करा, मी बोलते त्यांच्याशी.

नोकरीआधीच्या टेस्टला एक सूट आहे. तिथे किट निवडण्याआधी निघून गेलात तर तो नकार धरत नाहीत. बाकी कुठल्याही टेस्टला ही सूट नाही.

आदल्या रात्रीपासून पाणी पिऊन पिऊन जाणंही शहाणपणाचं नाही. नमुना फार पातळ निघाला तर निकाल 'निगेटिव्ह पण पातळ' असा येतो आणि कंपनीच्या धोरणात असेल तर पुन्हा जावं लागतं. त्याहून पातळ, म्हणजे लघवीतलं क्रिएटिनिन नावाचं द्रव्य 2 ते 5 मिलिग्रॅम प्रति डेसिलिटर इतकं खाली गेलं, तर पुढचा नमुना कुणाच्या तरी थेट नजरेखाली द्यावा लागतो. तो प्रसंग स्वतःवर ओढवून घेऊ नका.

काय तपासतात, आणि आपल्या घरात काय असतं

पाच गट तपासतात. गांजा, कोकेन, ॲम्फेटामाइन, ओपिऑइड म्हणजे अफूच्या वर्गातली द्रव्यं, आणि पीसीपी नावाचं भ्रम निर्माण करणारं ड्रग. 1 जानेवारी 2018 पासून ओपिऑइडमध्ये हायड्रोकोडोन, ऑक्सिकोडोन वगैरे दुखण्याच्या गोळ्या आल्या. फेडरल कर्मचाऱ्यांच्या यादीत जुलै 2025 पासून फेंटानिलही आलं आहे.

आपल्या घरांतला खरा धोका इथेच आहे. अक्कलदाढ काढल्यावर बायकोला दिलेल्या गोळ्यांतल्या चार उरतात, आणि नवऱ्याची पाठ दुखली की ती म्हणते, "घे ही, मला लगेच आराम पडला." ती गोळी हायड्रोकोडोन असेल आणि पुढच्याच दिवशी रँडम आली, तर बायकोच्या नावाचं प्रिस्क्रिप्शन नवऱ्याला वाचवत नाही. औषध तुमच्या नावावर, तुमच्या डॉक्टरने दिलेलंच हवं.

भारतातून येताना पिशवीत भरलेली औषधंही तपासा. खोकल्याच्या काही औषधांत कोडीन असतं. तिथे ते कायदेशीरपणे घेतलं असेल आणि त्याचा खरा वैद्यकीय उपयोग असेल तर निकाल पडताळणारे डॉक्टर ते कारण मान्य करू शकतात, पण ते सिद्ध तुम्ही करायचं. तिथल्या डॉक्टरची चिठ्ठी आणि केमिस्टचं बिल जपून ठेवा. आयुर्वेदिक डब्यांवरचे घटक वाचा. विजया किंवा भंगा लिहिलं असेल तर त्यात भांग आहे, अहिफेन लिहिलं असेल तर अफू. पोट बिघडलं की देतात त्या जातीफलादि चूर्णातही भांग असते. होळीला, महाशिवरात्रीला कुणाच्या घरी थंडाई मिळाली तर आधी विचारा, आणि उत्तर खात्रीचं नसेल तर पेला खाली ठेवा. "मला माहीत नव्हतं त्यात काय घातलंय" हे कारण नियमाने ऐकूनच घेता येत नाही. "बाजूचे लोक ओढत होते, धूर माझ्या नाकात गेला" हेही नाही.

गांजाबद्दल सगळ्यात जास्त गैरसमज आहे. न्यू जर्सीत फेब्रुवारी 2021 पासून मोठ्यांना गांजा कायदेशीर आहे, दुकानं उघडी आहेत, पाट्या झळकतात. त्याचा डीओटीच्या टेस्टशी काडीचा संबंध नाही. राज्याने दिलेलं मेडिकल कार्डही चालत नाही. सुट्टीच्या दिवशी, घरी, संध्याकाळी घेतला तरी तो लघवीत दिसतो, आणि टेस्ट "आत्ता नशेत आहात का" हे विचारतच नाही. सीबीडीचं, म्हणजे गांजाच्या झाडापासून काढलेलं, तेल गुडघ्याला किंवा झोपेसाठी घेणाऱ्यांनाही हेच सांगते. बाटलीवर टीएचसी, म्हणजे गांजातलं नशेचं द्रव्य, नाही असं छापलेलं असतं, पण त्या छापील मजकुराची खात्री कुणी देत नाही. 2020 मध्येच डीओटीने स्पष्ट केलं की सीबीडी घेतलं हे कारण मान्य होणार नाही. मी स्वतः सीडीएलवाल्या कुणालाच ते घेऊ देणार नाही.

आणि खसखस. दिवाळीच्या आसपास हा प्रश्न येतोच. खसखशीत मॉर्फिनचा अंश खरोखर असतो. म्हणूनच 1998 मध्ये ओपिएटची मर्यादा 300 वरून 2,000 नॅनोग्रॅम प्रति मिलिलिटर केली. आणि मॉर्फिन-कोडीनचा आकडा 15,000 च्या खाली असेल तर अफूसारख्या पदार्थाच्या गैरवापराची शारीरिक लक्षणं किंवा तसा पुरावा सापडल्याशिवाय डॉक्टर निकाल पॉझिटिव्ह ठरवू शकत नाहीत. 15,000 च्या वर गेला तर खसखस हे कारण ऐकत नाहीत. चार अनारशांनी तिथपर्यंत कुणी जाणार नाही. तरी अमेरिकेच्या संरक्षण खात्याने फेब्रुवारी 2023 मध्ये आपल्या सैनिकांना खसखस टाळा असं सांगितलं होतं. सैन्याचे नियम वेगळे आहेत. माझं मत विचाराल तर अनारसे खा, वाटीभर खसखशीची खीर नको.

डॉक्टरांचा फोन

प्रयोगशाळेचा निकाल थेट माझ्याकडे येत नाही. आधी तो एमआरओकडे, म्हणजे निकाल पडताळणाऱ्या डॉक्टरांकडे, जातो. ते कंपनीचे नोकर नसतात. काही सापडलं तर ते आधी तुम्हाला फोन करतात. म्हणून टेस्ट दिल्यानंतर काही दिवस अनोळखी नंबर उचला, व्हॉइसमेल भरलेला ठेवू नका, आणि फॉर्मवर लिहिलेला फोन नंबर चालू आहे ना हे तिथेच तपासा. तुम्ही 24 तासांत सापडला नाहीत तर ते मला सांगतात. मी तुम्हाला निरोप दिल्यापासून 72 तासांत तुम्ही फोन केला नाही, तर ते तुमचं म्हणणं न ऐकताच पॉझिटिव्ह ठरवू शकतात. गंभीर आजारपणासारखं खरं कारण असेल तर 60 दिवसांच्या आत ते उघडून घेता येतं, पण तिथवर वेळ येऊ देऊ नका.

फोनवर बोलताना पाचवी प्रत हातात घ्या. मागे लिहिलेली औषधं, डॉक्टरचं नाव, फार्मसीचा नंबर नीट सांगा. इंग्रजी घाईत समजत नसेल तर "हळू बोला, मला लिहून घ्यायचंय" म्हणायला लाजू नका. एक गोष्ट लक्षात ठेवा. तुमचं औषध कायदेशीर असलं आणि निकाल निगेटिव्ह आला, तरी ते औषध घेऊन गाडी चालवणं धोक्याचं वाटलं तर एमआरओ ते कंपनीला कळवू शकतात. तसं करण्याआधी तुमच्या डॉक्टरांनी त्यांच्याशी बोलावं म्हणून पाच कामाचे दिवस देतात. ते पाच दिवस वापरा, त्याच दुपारी आपल्या डॉक्टरांना फोन लावा.

एमआरओने पॉझिटिव्ह सांगितलं आणि तुम्हाला मान्य नसेल, तर त्या क्षणापासून 72 तासांत "दुसरी बाटली तपासा" म्हणायचं. तोंडी म्हटलं तरी चालतं. ती 15 मिलिलिटरची बाटली वेगळ्या प्रयोगशाळेत जाते. पैसे आत्ता नाहीत म्हणून ही तपासणी अडवता येत नाही. कंपनीने ती करून घ्यायचीच असते, खर्च नंतर मागू शकते. मात्र तोवर तुम्हाला गाडीवर बसता येणार नाही.

दारूची टेस्ट

श्वासातलं प्रमाण 0.04 किंवा जास्त आलं तर नियमभंग. 0.02 ते 0.039 मध्ये आलं तर नियमभंगाची नोंद होत नाही, पण ट्रक-बसवाल्यांना 24 तास गाडी मिळत नाही. पहिल्या फुंकीत 0.02 किंवा जास्त आलं तर निदान 15 मिनिटं थांबवून पुन्हा घेतात, म्हणजे माउथवॉशचा अंश तोंडात असेल तर तो निघून जातो. त्या वेळात काही खाऊ-पिऊ नका. कामाआधी चार तास दारू बंद, विमानाच्या क्रूला आठ तास. हे किमान आहे. रात्री उशिरापर्यंत भरपूर घेतलेल्या माणसाच्या अंगात पहाटेच्या शिफ्टला ती असतेच, घड्याळ काहीही म्हणो.

नियम मोडलाच तर

तुम्ही त्या क्षणी सुरक्षेच्या कामावरून उतरता. नोकरीवर ठेवायचं की नाही हे कंपनी ठरवते, ठेवायलाच हवं असं बंधन तिच्यावर नाही. पण एसएपी म्हणजे या कामासाठी पात्र असलेल्या समुपदेशकांची यादी तिने तुम्हाला द्यावीच लागते, काढून टाकलं तरी. एसएपी भेट, त्याने सांगितलेले उपचार किंवा शिक्षण, त्याची दुसरी भेट, मग परतीची टेस्ट, ती थेट नजरेखाली. त्यानंतर पहिल्या 12 महिन्यांत कमीत कमी सहा अचानक टेस्ट, आणि एकूण पाच वर्षांपर्यंत चालू शकतात. पहिल्या एसएपीचं पटलं नाही म्हणून दुसऱ्याकडून मत घेता येत नाही.

सीडीएलवाल्यांची नोंद 6 जानेवारी 2020 पासून क्लिअरिंगहाउस नावाच्या फेडरल नोंदवहीत जाते. ती निदान पाच वर्षं राहते, आणि टेस्ट संपल्या नसतील तर त्याहून जास्त. 18 नोव्हेंबर 2024 पासून बंदी असलेल्या ड्रायव्हरचं सीडीएलच राज्य साध्या परवान्यावर उतरवतं. त्यामुळे एका कंपनीतून काढलं म्हणून गुपचूप दुसऱ्या राज्यात, दुसऱ्या कंपनीत लागू, हा मार्ग आता उरलेला नाही. एसएपीचा रस्ता लांबचा आहे, पण तो पार करून माझ्याकडे परत आलेले ड्रायव्हर आजही बस चालवताहेत, आणि चांगली चालवताहेत.

स्वतःचा ट्रक असलेल्यांनी दोन गोष्टी आजच करा. क्लिअरिंगहाउसमध्ये खातं उघडा, कारण नवीन कंपनीला संपूर्ण तपासणीची संमती तिथूनच द्यावी लागते. आणि एखाद्या कन्सॉर्शियममध्ये, म्हणजे अनेकांच्या टेस्टची व्यवस्था एकत्र पाहणाऱ्या संस्थेत, नाव घाला. एकट्या माणसाला स्वतःची रँडम निवड स्वतः करता येत नाही, त्यामुळे सभासदत्व नसेल तर तपासणीत अडकाल.